एका घरात एकच नोकरी

निपाणीच्या मोटार स्टँडवर मला पोचवायला घरातली सगळी आली होती, आणि मी बंगळूरला कशाला चाललेय याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. मी वसंतदादाचा स्वयंपाक करायला चालले होते. साल पंचावन्न. मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते, आणि तिकडं दादा रेडिओच्या कारखान्यात लागल्यापासून खाणावळीत जेवून वाळत चालला होता. "तू गेलीस की त्याची काळजी मिटली," आई म्हणाली. अण्णा तंबाखूच्या वखारीत कारकून होते, कमी बोलायचे. मोटार सुटता सुटता खिडकीशी आले आणि म्हणाले, "परमुलूख आहे. दादा सांगंल तसं वाग." माझी काळजी कोण करणार, हे कुणी बोललं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते सुचलं नाही.

त्या परमुलखाची गंमत सांगते. मी गेले तेव्हा निपाणी मुंबई राज्यात होती आणि बंगळूर म्हैसूर राज्यात. वर्षभरात दिल्लीत कुणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि आख्खी निपाणी माझ्या मागोमाग म्हैसूर राज्यात येऊन बसली. अण्णांचा त्यावरचा संताप अजून गेलेला नाही. पण मला कुणी सांगावं, माणसानं गाव सोडलं आणि गावानं राज्य सोडलं, तर परक्या ठिकाणी नेमकं कोण गेलं?

कमल, हे तुझ्यासाठी लिहितेय. तुझ्यासारख्या निपाणीतच राहिलेल्या सगळ्या बहिणींसाठी, आणि माझ्यासारख्या ज्या कुठल्या कुठल्या शहरांत जाऊन पडल्यात त्यांच्यासाठीही. दर दिवाळीला मी आले की तुम्ही मला तेच विचारता, "अजून तिथंच का गं? आणि नोकरीचा एवढा हट्ट कशाला?" दर खेपेला मी हसून विषय बदलते. यंदा हसायचा कंटाळा आलाय.

कॉटनपेठेत आम्ही सुंदराक्कांच्या घरात दोन खोल्या घेऊन राहायचो. सुंदराक्का विधवा, साठीच्या, शहाजीराजांच्या काळापासून इथं असलेल्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "ऊट झालं का?" तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ऊट म्हणजे जेवण. पुढं मीही निपाणीत येऊन "ऊट झालं का" विचारायला लागले आणि तुम्ही सगळ्या फिदीफिदी हसलात, ते आठवतं मला.

वर्षभरात दादाच्याच कारखान्यात बायकांची भरती निघाली. रेडिओच्या आत तारेची वेटोळी असतात, कॉइल म्हणतात त्याला. ती गुंडाळायला बायका हव्या होत्या. दादा आधी नाही म्हणाला. मग एकट्याच्या पगारात महिना संपत नाही हे त्याला रोजच दिसत होतं, म्हणून हो म्हणाला. मी सकाळी दोघांचा डबा करून त्याच्याबरोबर जायचे आणि संध्याकाळी आल्यावर पुन्हा चुलीपुढं बसायचे. दादा तेवढ्या वेळात पेपर वाचायचा. तेव्हा मला यात काही वावगं वाटायचं नाही. आता आठवलं की हातातलं लाटणं आपटावंसं वाटतं.

पण ते काम मला फार आवडायचं. केसाएवढी तार, एका लयीत फिरणारं यंत्र, लांबलचक बाकावर ओळीनं बसलेल्या आम्ही. माझ्या एका बाजूला फिलोमिना, तमिळ ख्रिश्चन, वडील वारलेले, आई आणि दोन धाकट्या बहिणी तिच्या जिवावर. दुसऱ्या बाजूला जयम्मा, तिचा नवरा सुताच्या गिरणीत, पदरात दोन पोरं. तिघींच्या तीन भाषा आणि सगळ्यांची मिळून मोडकी हिंदी. तिथं मला कुणी वसंताची बहीण म्हणून ओळखत नव्हतं. एकच खटकायचं. दादा आणि त्याच्या खात्यातले लोक 'पर्मनंट' होते आणि आम्ही बायका झाडून साऱ्या 'टेम्पररी'. सुपरवायझर शेषगिरींना विचारलं तर ते हात वर करून म्हणायचे, "स्वल्प ताळि, अम्मा." थोडं थांबा, बाई. बंगळुरात मी सगळ्यात आधी हे वाक्य शिकले, आणि गेली कितीतरी वर्षं ऐकतेच आहे.

सत्तावनच्या उन्हाळ्याअखेरीस फ्लू आला. मद्रासकडून आला म्हणायचे. जगभर पसरलाय, असं दादा पेपरातलं वाचून दाखवायचा. कारखान्यात आज हा नाही, उद्या तो नाही, असं करता करता बाकंच्या बाकं ओस पडली. दवाखान्यापुढं रांगा, बाटलीत लाल मिक्श्चर, घराघरांत निलगिरीच्या तेलाचा वास. मद्रासच्या बंदरात परदेशातून येणारे रेडिओचे सुटे भाग अडकले. दुकानदार माल उचलेनात, ताप उतरवायचा का रेडिओ घ्यायचा? जयम्माच्या नवऱ्याची गिरणी आधी बंद पडली, मग आमचा कारखाना.

पण कारखाना बंद पडायच्या आधीच दादा आडवा झाला. ताप असा की चादर भिजून जायची. पाठोपाठ सुंदराक्का. त्यांची सून पोरांना घेऊन माहेरी निघून गेली, मुलगा फिरतीवर. मग वरच्या मजल्यावर दादा आणि खाली अक्का, मी मधल्या जिन्यावर. पेज करायची, अंग पुसायचं, मिऱ्यांचा काढा पाजायचा. दादा बरा होत आला तशी मी पडले. तेव्हा मात्र चुलीजवळ कोण गेलं असेल? मीच. कण्हत कण्हत, भिंतीला धरून. दादा म्हणायचा, "पड की जरा." आणि मग विचारायचा, "जेवायला काय आहे?"

पावसाळ्यात कारखाना उघडल्याचा निरोप आला. आम्ही दोघं निघालो, दादा अजून कृश, मीही तशीच. फाटकाशी दादा आत गेला आणि मला पहारेकऱ्यानं बाजूला उभं राहायला सांगितलं. बघते तर फिलोमिना, जयम्मा, आमचं सगळं बाक बाजूला उभं. शेषगिरी बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम लिहिते. वाईट असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

"ऑर्डरी नाहीत," ते म्हणाले. "सगळ्यांना घेता येणार नाही. थोडे दिवस घरी राहा."

"मलाच का?" मी विचारलं.

"तुमचा भाऊ आहे ना इथं? मग तुम्हाला कसली चिंता?"

फिलोमिना पुढं झाली. "मला भाऊ नाही, सर. वडील नाहीत. घरात मिळवणारी मी एकटी."

"तू काय, आज ना उद्या लग्न करून जाशील."

"माझं तर लग्न झालंय," जयम्मा म्हणाली.

"मग नवरा पोसेल की."

"त्याची गिरणी बंद आहे."

शेषगिरींनी हातातल्या कागदावर नजर फिरवली. मग म्हणाले, "घरी लहान पोरं आहेत ना? साथीचे दिवस. त्यांच्याकडं बघ."

आता तुम्हीच सांगा! एकीला भाऊ होता म्हणून, दुसरीला कुणी नव्हतं म्हणून, तिसरीला नवरा होता म्हणून, आणि त्याचं काम गेलं तर पोरं होती म्हणून. कारणं निरनिराळी आणि फाटक सगळ्यांना बंद. दादाला ना बायको ना पोरं, पण त्याला कुणी विचारलं नाही, तुझ्यामागं खाणारं कोण आहे? उलट, लग्न व्हायचंय, त्याला नोकरी हवीच! आणि वर मला ऐकवलं की फ्लूच्या दिवसांत माझी हजेरी बरी नव्हती. कारखाना बंद पडायच्या आधी दादा ज्या दिवसांत घरी होता त्याच दिवसांत मी घरी होते, त्याच्याच उशाशी. तो आजारी पडला ती त्याची रजा झाली. मी त्याची सेवा केली ती माझी गैरहजेरी झाली.

युनियनच्या पुढाऱ्याकडं गेलो. "आधी पर्मनंटांचं बघू, अक्का," तो म्हणाला. वर्गणी घेताना मात्र त्यानं कधी टेम्पररी म्हणून कमी घेतली नव्हती.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "जाऊ दे ना. माझी आहे की." तेवढं बोलून पेपर उघडला. मला त्याचं वागणं चमत्कारिक वाटलं. एरवी माझ्या बाजूनं चार शिव्या तरी हासडल्या असत्या.

पुढच्याच आठवड्यात अण्णा येऊन उभे राहिले. मला न्यायला. रविवारची सकाळ होती, सुंदराक्कांच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. चहाचा घोट घेऊन अण्णा म्हणाले, "फ्लूनं एवढं एक बरं केलं. संकेश्वरचं स्थळ आलंय. माणसं चांगली आहेत. उद्याच्या गाडीनं निघू."

"मला यायचं नाही."

"इथं बसून काय करणार? काम तर गेलं."

"परत लागंल की. ऑर्डरी आल्या की घेतील मला. दादा, सांग ना तू."

दादा आपल्या चपलांकडं बघत होता. "तसं नाही ते," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"शेषगिरींनी मला आधीच बोलावलं होतं. एका घरात एकच ठेवायचा असं ठरलंय म्हणाले. कोण, ते तू सांग, म्हणाले."

"मग?"

"मग काय? मी काय सांगणार होतो?"

मी बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "बरोबरच केलंस. त्यात विचारायचं काय?"

कमल, या गोष्टीवर मी बारा वर्षं विचार केलाय. दादानं स्वतःचं नाव सांगितलं याचं दुःख झालं, पण तेवढंच असतं तर मी गिळलं असतं. पोट सगळ्यांना असतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्याच्या त्या 'मी काय सांगणार होतो' नं. त्याला खरोखरच दुसरं उत्तर असू शकतं हे ठाऊक नव्हतं. मी त्याला म्हणाले, "जिना चढून वर यायचं आणि मला विचारायचं. तेवढं तरी करायचंस. कदाचित मीच म्हटलं असतं, तू राहा." तो हळूच म्हणाला, "म्हणूनच नाही विचारलं. तू नाही म्हटलं असतंस तर?"

निदान खरं बोलला. अण्णांना त्यातलं काही कळलं नाही. ते गाडीची वेळ सांगायला लागले.

सुंदराक्का दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्या म्हणाल्या, "अण्णा, ही पोर माझ्या तापात माझ्या उशाशी बसली. माझी सून पळाली, ही नाही पळाली. माळ्यावरची खोली रिकामी पडलीय. हिला तिथं राहू द्या. संकेश्वरचं स्थळ संकेश्वरला राहील."

"परक्याच्या घरात पोरीला ठेवू?"

"परकी कोण? मी काय तुर्की बोलतेय? मराठीच की!"

अण्णा दुसऱ्या दिवशी एकटे परत गेले, माझ्याशी एक अक्षर न बोलता. मी माळ्यावर राहायला गेले आणि दादाला सांगितलं की आता त्याचं त्यानं बघायचं. त्यानं पुन्हा खाणावळ धरली. जगला. चांगला धडधाकट राहिला. म्हणजे ज्या कामासाठी मला निपाणीहून आणलं होतं त्यावाचून त्याचं काडीचं अडत नव्हतं!

पोटासाठी जयम्मानं मला उदबत्त्या वळायला शिकवलं. व्यापाऱ्याकडून काळा लगदा आणि काड्या आणायच्या, पाटावर हातानं वळायच्या, वाळवून परत द्यायच्या. सुंदराक्कांच्या अंगणात आम्ही दोघी दिवस दिवस वळत बसायचो. हात काळे, भाताला चंदनाचा वास, कंबर मोडून यायची. आणि मिळकत अशी की देवाला उदबत्ती लावणाऱ्यानं आमच्याकडं बघू नये. साथीनं ज्यांची ज्यांची कामं गेली त्या गल्लीतल्या साऱ्या बायका हेच करत होत्या, म्हणून व्यापारी भाव पाडतच गेला.

थंडीत ऑर्डरी आल्या. कारखान्यानं आम्हाला बोलावलं, पण 'नवीन भरती' म्हणून. "आधीचं काम?" मी विचारलं. "ते टेम्पररी होतं, अम्मा," शेषगिरी म्हणाले. जणू ती कॉइलं कुणी भुतानं गुंडाळली होती. जयम्माला घेतलंच नाही. तिच्या नवऱ्याला तोवर दुसरीकडं काम लागलं होतं ना! ती अजून उदबत्त्या वळते. भेटायला गेले की हात पुढं करून म्हणते, "वास घे, देवळात आल्यासारखं वाटतं की नाही?" मी हसते आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात भांडत राहते.

मी आणि फिलोमिना गेलो. मान खाली घालून गेलो असं नाही, पण गेलो. युनियनच्या प्रत्येक सभेत मी उठून विचारायचे, बायकांना कायम कधी करणार? लोक हसायचे. मी उठले की मागं कुणीतरी रेडिओ लावल्यासारखं करून म्हणायचं, "आलं बघा स्टेशन निपाणी." बासष्टात चीनची लढाई झाली, आमच्याकडं वायरलेसची कामं आली आणि एका महिन्यात आमचे हात देशाच्या उपयोगाचे झाले. साहेब स्वतः बाकाशी येऊन "सिस्टर" म्हणायला लागले. तेव्हा कुठं आम्हाला कायम केलं. फिलोमिनाला मात्र पुढच्या खेपेला, कारण त्या दिवसांत ती आईच्या आजारपणात घरी होती. पुन्हा तेच. सेवा केली की बाई मागं पडते.

त्याचा हिशेब दोन वर्षांपूर्वीच्या मंदीत झाला. मालकांनी सांगितलं, या खेपेला बाई-पुरुष काही बघणार नाही, जो शेवटी कायम झाला तो आधी जाणार, नियम सगळ्यांना सारखा. युनियननंही मान डोलावली. किती सारखा नियम! बायका सगळ्याच शेवटी कायम झालेल्या. रेघ नेमकी माझ्यानंतर ओढली गेली आणि फिलोमिना तिच्या पलीकडं गेली. त्या दिवशी आमच्या बाकावरच्या सगळ्याजणींनी यंत्रावरून हात काढले. शेषगिरींच्या जागी आता तरुण सुपरवायझर आहे. तो धावत आला, म्हणाला, "स्वल्प ताळि!" मी म्हणाले, "थांबलोय, साहेब. बघा, हातसुद्धा थांबलेत." चार महिन्यांनी फिलोमिनाला परत घेतलं. कसं? नवीन भरती म्हणून. ती चाळिशीकडं झुकली, चष्मा लागला, तरी कारखान्याच्या लेखी ती कालची पोर आहे.

आता माझं राजाजीनगरात घर आहे. भाड्याचंच, दोन खोल्या, पुढं ओटा. दादा लग्नानंतर पुण्याला गेला आणि सुखात आहे. आमचं बोलणं आहे, पण त्या सकाळबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आणि लग्नाचं विचाराल तर, संकेश्वरच्या नंतर तीन-चार स्थळं आली. प्रत्येकानं एकच विचारलं, लग्नानंतर नोकरी सोडणार ना? मीही प्रत्येकाला तेच विचारलं. बैठक तिथंच संपायची.

गेल्या वर्षी अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला इथं आले. महिनाभर माझ्याकडं राहिले. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर ओट्यावर बसायला लागले आणि शेजारच्या म्हाताऱ्या रामय्यांशी त्यांची दोस्ती जमली. एका संध्याकाळी मी आत ताक घुसळत होते. बाहेर अण्णा आपल्या निपाणीकडच्या कानडीत रामय्यांना सांगत होते, "मगन मनेगे बंदिद्दीनि." मुलाच्या घरी आलोय.

मी तशीच बाहेर गेले. "अण्णा, दादा पुण्याला असतो. हे माझं घर आहे."

"होय की," अण्णा म्हणाले. "तुझंच की. मी कुठं नाही म्हणतोय? बोलताना तोंडात तसं येतं गं."

"मग तोंडाला वळण लावा."

ते चपापले. निपाणीत मी त्यांना असं कधी बोलले नसते. तिथं मी दिवाळीची पाहुणी. आई मला पाट मांडून देते, कामाला हात लावू देत नाही, आणि कुणी काही टोचून बोललं तरी चार दिवसांसाठी कशाला म्हणून मी गिळते. पाहुण्यानं भांडायचं नसतं. इथं मी घरमालकाशी भांडते, दूधवाल्याशी भांडते, युनियनशी तर भांडतेच. तुम्ही विचारता घर कुठलं, तर जिथं मला गिळावं लागत नाही ते. निपाणीची आठवण मला रोज येते. पण आठवण येणं वेगळं आणि घर असणं वेगळं, हे मला कळायला एवढी वर्षं लागली.

मग अण्णांनी रामय्यांकडं वळून, शब्द जुळवत, सुधारून सांगितलं, "मगळ मने." मुलीचं घर. मी खुशीनं आतून ताकाचा पेला भरून आणला. तेवढ्यात त्यांनी पुढं जोडलं, "मदुवे आगिल्ल." लग्न झालं नाही अजून.

मी ताकाचा पेला त्यांच्यापुढं असा आपटला की रामय्यांच्या धोतरावर थेंब उडाले. अण्णांनी निमूटपणे पेला उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "मीठ जरा कमी पडलंय."

"आत डबा आहे," मी म्हणाले. "घ्या उठून."

आणि अण्णा उठले.